अंधार राखणारी प्रकाशकला : कुवेतहून अल-उलाच्या डोंगरांकडे

कुवेतमध्ये डोंगर नाही. देशाचा सर्वांत उंच भूभाग समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर आहे. पुणे शहर ज्या पठारावर वसले आहे, त्याच्याही तो बराच खाली. जहराजवळची मुतलाची धार आणि उपसागराच्या उत्तर काठाने गेलेला जाल अझ-झोरचा कडा, एवढेच या सपाट वाळवंटातील उंचवटे. डोंगराप्रमाणेच कुवेतच्या नागरी जीवनात अंधारही दुर्मीळ आहे. १९७९ मध्ये खुले झालेले आणि १८७ मीटर उंचीपर्यंत पोहोचणारे कुवेत टॉवर्स, सागरकिनाऱ्याचा उजळलेला रस्ता, २५ व २६ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय व मुक्तिदिनानिमित्त इमारतींवर उतरणारी रोषणाई यांमुळे शहराची रात्र कधी पुरती काळी होतच नाही. हिवाळ्यात तंबू ठोकून वाळवंटात राहण्याची प्रथा येथे आजही जिवंत आहे, आणि अनेक मराठी कुटुंबांना आकाशातील तारे निवांतपणे दिसतात ते या तंबूंच्या मुक्कामातच.

गेल्या काही दशकांत जगभर एक कलाप्रकार रुजला आहे, ज्याला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात : डोंगर आणि अंधार. निसर्गाच्या विस्तारात मांडलेली, प्रेक्षकाला सर्व बाजूंनी वेढणारी ही प्रकाशकला आखाती देशांत राहणाऱ्यांना आता फार दूरची राहिलेली नाही. कुवेतच्या दृष्टीने तिचे सर्वांत जवळचे आणि सर्वांत महत्त्वाकांक्षी क्षेत्र म्हणजे सौदी अरेबियाच्या वायव्येकडील अल-उला. या कलाप्रकाराचा, त्या स्थळाचा आणि तेथे जाण्यापूर्वी लक्षात घ्यावयाच्या गोष्टींचा हा परिचय.

रोषणाई आणि प्रकाशकला

रोषणाई आणि प्रकाशकला यांत मूलभूत फरक आहे. रोषणाईत प्रकाश दुसऱ्या कशासाठी तरी राबतो; मंदिर, पूल किंवा मनोरा उठून दिसावा म्हणून तो योजलेला असतो. प्रकाशकलेत प्रकाश हेच माध्यम असते, जसे शिल्पकाराला दगड आणि चित्रकाराला रंग. या विचाराला १९६० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात बळ मिळाले. तेथील कलावंतांच्या एका पिढीने वस्तू घडविण्याऐवजी पाहण्याची क्रियाच कलेचा विषय केली.

त्या पिढीतील प्रमुख नाव जेम्स टरेल यांचे. १९४३ साली जन्मलेल्या टरेल यांनी महाविद्यालयात संवेदनांच्या मानसशास्त्राचा अभ्यास केला होता आणि ते वैमानिकही होते. विमानातून शोध घेत असताना ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफजवळचा एक मृत ज्वालामुखी त्यांच्या नजरेस पडला. १९७७ मध्ये त्यांनी तो मिळविला आणि ‘रोडन क्रेटर’ या नावाने त्याच्या पोटात बोगदे व दालने घडविण्याचे काम आरंभिले. सूर्य, चंद्र आणि तारे यांचा प्रकाश विशिष्ट क्षणी विशिष्ट दालनात उतरावा, अशी त्याची रचना आहे. इतकी वर्षे चाललेले हे काम सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी अद्याप नियमितपणे खुले झालेले नाही.

टरेल यांच्या छोट्या कृती मात्र अनेक देशांत पाहता येतात. छताला मोकळा झरोका ठेवलेले एक दालन, भिंतींवर सावकाश पालटणारा रंग आणि झरोक्यातून दिसणारे आकाश, एवढाच त्यांचा पसारा. भिंतीचा रंग बदलला की आकाशाचाही बदलल्यासारखा वाटतो. आकाश कधी छतावर ताणलेल्या कापडासारखे सपाट, तर कधी अथांग भासते. ऑस्ट्रियातील लेख या गावाच्या वर, आल्प्समध्ये सुमारे १,७८० मीटर उंचीवर, असे एक दालन २०१८ मध्ये उभे राहिले. सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळी तेथे डोंगरातील आकाश पाहण्यासाठी लोक जमतात.

दुसरी परंपरा ब्रिटिश कलावंत ब्रूस मन्रो यांची. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातील उलुरू या महाशिळेजवळ मुक्काम असताना त्यांच्या मनात प्रकाशाच्या शेताची कल्पना आली. २०१६ मध्ये त्याच उलुरूच्या परिसरात ५० हजार बारीक दांड्यांवर काचेचे गोळे बसवून त्यांनी ती साकारली. सौर ऊर्जेवर चालणारे दिवे आणि प्रकाशवाहक तंतू यांच्या साहाय्याने हे शेत संध्याकाळ होताच हळूहळू उमलू लागते. त्या भूमीचे मूळ रहिवासी असलेल्या अनंगू समाजाने या कृतीला आपल्या भाषेत नाव दिले. पुष्कळ सुंदर दिवे पाहणे, असा त्याचा अर्थ. सुरुवातीला मर्यादित काळासाठी योजलेली ही मांडणी लोकांच्या प्रतिसादामुळे पुढेही ठेवण्यात आली. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील पासो रोबल्स येथे टेकड्यांच्या उतारांवर त्यांनी असेच आणखी एक शेत उभारले.

डोळ्यांचे काम

अशी कृती पाहताना अर्धे काम कलावंताचे आणि अर्धे प्रेक्षकाच्या डोळ्यांचे असते. मंद प्रकाशात दृष्टिपटलावरील दंडपेशी काम करतात. उजेडातून अंधारात आल्यावर त्यांना पूर्ण संवेदनक्षम होण्यास साधारण अर्धा तास लागतो. या अवधीत मोबाइलचा पडदा एकदा जरी डोळ्यांसमोर उजळला, तरी पुष्कळशी कमाई वाया जाते. दंडपेशींना रंग ओळखता येत नाहीत, त्यामुळे चांदण्यात डोंगर करडे दिसतात. तांबड्या प्रकाशाचा या पेशींवर फारसा परिणाम होत नाही, म्हणून आकाशनिरीक्षक तांबडी विजेरी वापरतात. वाळवंटातील प्रकाशकृती पाहायला जाणाऱ्याने सूर्यास्तापूर्वीच तेथे पोहोचावे, या सूचनेमागे हे शरीरशास्त्र आहे.

या शास्त्राचा एक उगम कुवेतच्या शेजारीच आहे. दृष्टी कशी घडते याची पद्धतशीर मांडणी करणारे इब्न अल-हैथम हे दहाव्या शतकात बसऱ्यात जन्मले. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात म्हणून वस्तू दिसते, हे जुने मत त्यांनी खोडून काढले. वस्तूकडून आलेला प्रकाश डोळ्यांत शिरतो म्हणून ती दिसते, असे त्यांनी ‘किताब अल-मनाझिर’ या ग्रंथात प्रयोगांच्या आधारे प्रतिपादिले. अंधाऱ्या खोलीतील छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा त्यांनी केलेला अभ्यास आणि टरेल यांचे झरोके यांच्यात सुमारे हजार वर्षांचे अंतर आहे. परंतु जिज्ञासा एकच.

अल-उला : वेरूळ जाणणाऱ्यांना ओळखीचे

मदिनेच्या उत्तरेस सुमारे ३०० किलोमीटरवर अल-उलाचे खोरे आहे. दोन्ही बाजूंना तांबूस वालुकाश्माचे उभे कडे, मध्ये खजुरांच्या बागा आणि मातीच्या घरांचे जुने गाव, असा हा परिसर. वारा आणि पाणी यांनी झिजवलेल्या खडकांना येथे विलक्षण आकार लाभले आहेत. हत्तीसारखा दिसणारा ‘जबल अल-फील’ हा खडक सुमारे ५२ मीटर उंच आहे. प्राचीन व्यापारी मार्गावरील नबातियन लोकांनी याच खडकांत कोरलेल्या हेग्रा येथील थडग्यांना २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सौदी अरेबियातील हे पहिले वारसास्थळ होय.

मराठी प्रवाशाला हेग्रा एका कारणासाठी जवळचे वाटावे. तेथील ‘कस्र अल-फरीद’ हे एकाकी थडगे अपुरे राहिले आहे. त्याचा वरचा भाग गुळगुळीत, रेखीव आणि खालचा ओबडधोबड आहे. यावरून कारागिरांनी माथ्यापासून पायाकडे कोरीत नेल्याचे स्पष्ट होते. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात याच क्रमाने, कळसापासून जोत्याकडे कोरले गेले. खडक वेगळा आणि हेतूही वेगळा : तेथे बेसॉल्ट आणि देवालय, येथे वालुकाश्म आणि समाधी. परंतु डोंगर फोडून त्यात सावली व उजेड यांची जागा ठरविण्याची बुद्धी दोन्हीकडे दिसते. प्रकाशकलेसाठी अल-उलाची निवड झाली, तिला अशी जुनी पार्श्वभूमी आहे.

२०१७ मध्ये या परिसराच्या विकासासाठी शाही आयोग स्थापन झाला. २०२० च्या आरंभी कॅलिफोर्नियातील ‘डेझर्ट एक्स’ या उपक्रमाच्या सहकार्याने दऱ्याखोऱ्यांत खुल्या आकाशाखाली पहिले प्रदर्शन भरले. त्यातील सौदी कलावती मनाल अलदोवायन यांची कृती रात्री विशेष उठून दिसे. वाळूच्या पातळीवर बसविलेली वर्तुळाकार ट्रॅम्पोलिने दिवसा पाण्याच्या डबक्यांसारखी दिसत आणि अंधार पडल्यावर चंद्रबिंबांप्रमाणे उजळत. मुले त्यांवर उड्या मारीत. परंतु मांडणीचा विषय गंभीर होता : पावसानंतर क्षणभर साचून नाहीशी होणारी वाळवंटातील पाण्याची तळी आणि भूजलाची टंचाई. समुद्राचे पाणी गोडे करून जगणाऱ्या कुवेतमधील रहिवाशाला हा संकेत सहज कळावा. पुढे २०२२ आणि २०२४ मध्येही अशी प्रदर्शने झाली. प्रत्येक वेळी जागा आणि कृती बदलतात, त्यामुळे एका वर्षी पाहिलेले पुढच्या खेपेस तेथे असेलच असे नाही.

कायम राहणाऱ्या गोष्टींत ‘माराया’ या सभागृहाचा उल्लेख करावा लागेल. अरबीत या शब्दाचा अर्थ आरसे. ९,७४० चौरस मीटर आरशांनी मढविलेली ही इमारत दरीत असूनही नसल्यासारखी भासते, कारण तिच्या भिंतींवर भोवतालचे डोंगरच दिसतात. संध्याकाळी कड्यांचा रंग पालटू लागला की भिंतींचाही पालटतो. स्वतःचा दिवा न लावता प्रकाशाशी केलेला हा खेळ आहे.

याहून मोठी योजना ‘वादी अल-फन’ अर्थात कलेच्या दरीची आहे. सुमारे ६५ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशासाठी प्रथम पाच कलावंतांची निवड झाली : टरेल, मायकेल हायझर, ॲग्नेस डेनेस, मनाल अलदोवायन आणि अहमद मातर. टरेल यांची कल्पना दरीच्या तळात बोगदे व जिने यांनी जोडलेल्या दालनांची आहे. मातर यांनी मृगजळाचा विषय घेतला असून, आरशांच्या योजनेमुळे भूमिगत भागात उभ्या असलेल्या माणसाची प्रतिमा वर वाळूवर तरंगताना दिसावी, असा त्यांचा मानस आहे. अलदोवायन यांची कृती जुन्या गावाच्या बोळांच्या धर्तीवर आखलेली असून त्यात स्थानिक लोकांच्या आठवणींना स्थान आहे. ही कामे टप्प्याटप्प्याने व्हावयाची असल्याने, कोणती कृती पाहण्यास खुली आहे याची खात्री करूनच प्रवास ठरवावा.

दिवा लावण्याची किंमत

या कलेभोवती प्रश्नही आहेत आणि जाणकार प्रवाशाने ते टाळू नयेत. अल-उलातील पहिल्या प्रदर्शनाची घोषणा झाली तेव्हा प्रसिद्ध अमेरिकी कलावंत एड रुशा यांच्यासह ‘डेझर्ट एक्स’च्या तीन संचालकांनी सौदी शासनाशी झालेल्या भागीदारीला विरोध म्हणून राजीनामे दिले. शासनाच्या पैशावर उभी राहणारी कला कितपत स्वतंत्र असते, हाही प्रश्न आहे. दुसऱ्या बाजूला, या भागीदारीमुळे सौदी कलावंतांना, विशेषतः स्त्रियांना, मोठे व्यासपीठ मिळाले, असेही मत आहे. अलदोवायन यांनी २०२४ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात सौदी अरेबियाचे प्रतिनिधित्व केले.

दुसरा प्रश्न अंधाराचा. प्रकाशकला पाहायला माणसे येतात. माणसांसाठी हॉटेले, रस्ते आणि वाहनतळ होतात. त्यांचे दिवे आकाश पुसट करतात. ज्या अंधारामुळे ती जागा निवडली, तोच मग कमी होऊ लागतो. अल-उलाने यावर काही उपाय योजले आहेत. तेथील मनारा आणि घरामील या राखीव क्षेत्रांना २०२४ मध्ये काळोख्या आकाशाचे संरक्षित क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. अशा मान्यतेसाठी दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळविणे, प्रखरता मर्यादित ठेवणे आणि आकाशाची काळोखी वेळोवेळी मोजणे आवश्यक असते. वाढत्या पर्यटनात हे नियम किती टिकतात, यावर या दऱ्यांतील कलेचे भवितव्य अवलंबून आहे.

कुवेतहून जाताना

आखाती देशांतील अधिकृत रहिवाशांना, त्यांचा व्यवसाय कोणताही असो, २०२३ पासून सौदी पर्यटन व्हिसासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. अर्जाच्या वेळी कुवेतच्या निवास परवान्याची मुदत किमान तीन महिने आणि पासपोर्टची सहा महिने शिल्लक असावी. नियमांत बदल होत असल्याने तिकीट काढण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळ पाहणे श्रेयस्कर.

अल-उलाला स्वतःचा विमानतळ असून रियाध व जेद्दाहमार्गे तेथे पोहोचता येते. मोटारीने जाण्याचा विचार करणाऱ्यांनी हे अंतर हजार किलोमीटरहून बरेच अधिक असल्याचे ध्यानात घेऊन वाटेत मुक्काम ठेवावा. रात्रीच्या वाळवंटी रस्त्यावर उंट आडवे येण्याचा धोका खरा आहे. मदिनेमार्गे जाणाऱ्या मुस्लिमेतर प्रवाशांनी पवित्र क्षेत्राच्या सीमेचे फलक पाहून मार्ग निवडावा.

योग्य काळ नोव्हेंबर ते मार्चचा. प्रदर्शने बहुधा जानेवारीच्या मध्यापासून वसंतारंभापर्यंत असतात, त्यामुळे कुवेतच्या फेब्रुवारीअखेरच्या राष्ट्रीय सुट्या सोयीच्या ठरतात. मात्र सध्याच्या वर्षांत रमजान याच सुमारास येत असल्याने वेळापत्रके बदललेली असू शकतात. हिवाळ्यात रात्रीचे तापमान १० अंशांखाली उतरते; आखातात राहून थंडीची सवय मोडलेल्यांनी लोकरीचे कपडे न्यावेत. अंगभर, सैलसर पोशाख आणि वाळूत चालण्याजोगे बूट हवेत. तारे पाहायचे असतील तर अमावास्येच्या आसपासचे दिवस, कडे चांदण्यात पाहायचे असतील तर पौर्णिमेचे दिवस निवडावेत. दोन्ही एकाच रात्री साधत नाहीत. लहान मुलांना काळोखाची भीती वाटू नये म्हणून त्यांना उजेडी असतानाच परिसर दाखवावा.

सह्याद्रीतील बिनतारेचे दिवे

डोंगरातल्या प्रकाशाचा सोहळा मराठी माणसाला नवा नाही. जेजुरीच्या गडावर चढताना लागणाऱ्या दगडी दीपमाळा, त्रिपुरी पौर्णिमेला देवळांच्या प्रांगणात एकेका हातावर ठेवलेल्या पणत्या, गोव्यातील देवस्थानांचे दीपस्तंभ, ही या भूमीची स्वतःची प्रकाशरचना होय. दीपमाळेचा उजेड तेलाइतकाच टिकतो आणि तेल संपल्यावर काळोख पुन्हा जागेवर येतो, हा तिचा गुण आज अधिक मोलाचा वाटतो.

याहून अद्भुत दृश्य अकोले तालुक्यात दिसते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती, मे महिन्याच्या उत्तरार्धापासून पाऊस जोर धरीपर्यंत हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर काजव्यांचे थवे उतरतात. कधी संपूर्ण झाड एकाच लयीत उजळते आणि विझते. काजव्याच्या पोटातील ल्युसिफेरिन या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन हा थंड प्रकाश निर्माण होतो. नर त्या उघडझापीतून मादीला साद घालतात आणि ती आपल्या प्रकाशाने उत्तर देते. प्रौढ काजव्यांचे आयुष्य काही आठवड्यांचे. पुढची पिढी जन्मेल की नाही, हे या मोजक्या रात्रींतील संवादावर ठरते.

तेथेच धोका आहे. कुवेतमधील भारतीय शाळांची उन्हाळी सुटी जूनमध्ये सुरू होते आणि गावी आलेली कुटुंबे काजवे पाहण्यासाठी भंडारदऱ्याकडे वळतात. शनिवार-रविवारी घाटांत मोटारींच्या रांगा लागतात. त्यांचे प्रखर दिवे, विजेऱ्या आणि कॅमेऱ्यांचे झोत काजव्यांची परस्परांची साद बुजवून टाकतात. मादी सापडली नाही तर नराचा प्रकाश व्यर्थ जातो. झाडाखालच्या ओल्या मातीत अळ्या व मादी असतात. गर्दीच्या पायांखाली त्या चिरडल्या जातात. म्हणूनच वन विभागाने अभयारण्यातील प्रवेशाच्या वेळेवर, प्रकाशझोतांवर आणि गोंगाटावर निर्बंध घातले आहेत. आठवड्याच्या मधल्या वारी जाणे, गावातील वाटाड्या सोबत घेणे, मोटार दूर उभी करून दिवे विझविणे, झाडाच्या बुंध्यापाशी न जाणे आणि छायाचित्राचा मोह आवरणे, एवढी पथ्ये पाळली तरी पुष्कळ. गावात मुक्काम केल्यास तेथील आदिवासी कुटुंबांना उत्पन्न मिळते आणि काळोख जपण्यात त्यांचाही लाभ राहतो.

अल-उलातील कृतीचा दिवा बिघडला तर तंत्रज्ञ तो दुरुस्त करू शकतो. भंडारदऱ्याच्या झाडांवरील काजव्यांची एक पिढी खंडित झाली, तर ती परत आणण्याचे तंत्र कोणापाशी नाही. आखातातून हौसेने डोंगरांकडे जाणाऱ्या प्रवाशाने दोन्ही ठिकाणी एकच शिस्त बाळगणे इष्ट : सूर्यास्तापूर्वी पोहोचावे, स्वतःचा दिवा विझवावा आणि डोळ्यांना अर्धा तास द्यावा.